रविवारीं पाहिलेलें घर

‘घर पाहावें बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. तिचा अर्थ सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती ज्या काळांत रूढ झाली त्या काळीं घर बांधणारा व त्यांत राहणारा हे बहुधा एकच असत, ही गोष्ट आपण विसरतों. जमीन मुरमाची आहे कीं काळी आहे, विहिरीस पाणी किती हातांवर लागतें, पावसाळ्यांत ओढ्याचें पाणी कोठवर चढतें, हें सर्व घर बांधणारास चौथरा घालण्यापूर्वींच समजून येई. आज मुंबईसारख्या शहराच्या परिघांत घर करूं इच्छिणारा मध्यम स्थितींतला गृहस्थ घर बांधीत नाहीं. तो तें तयार विकत घेतो, आणि तेंही बहुधा एखाद्या रविवारीं दुपारीं, दुसऱ्याच्या मोटारींतून नेऊन दाखविलेलें, रंगाचा वास अजून न गेलेलें असें. चौथऱ्याखालचें सारें त्याच्या दृष्टीआड असतें. बांधणारास जें आपोआप कळत असे तें विकत घेणाऱ्यानें मुद्दाम चौकशी करून जाणून घेतलें पाहिजे, एवढेंच आम्हांस या लेखांत सांगावयाचें आहे. तें आम्हांस फुकट कळलें नाहीं. म्हणून आमच्याच घरची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें कुटुंब आठ माणसांचें. ती. मातोश्री, वय वर्षें शहात्तर. वडील बंधु, ज्यांस घरांत सर्वजण दादा म्हणतात, व सौ. वहिनी, त्यांचीं दोन मुलें, आम्ही उभयतां व आमची कन्या. दादरच्या एका जुन्या इमारतींतील भाड्याच्या दोन खोल्या व एक गॅलरी एवढ्या जागेंत आमच्या दोन पिढ्या वाढल्या. लहानपणीं गॅलरींत निजण्यांत मौज होती. परंतु पुतण्या महाविद्यालयांत जाऊं लागला, मुलींच्या परीक्षा सुरू झाल्या, मातोश्रींस रात्रीं दोनदां उठावें लागूं लागलें, आणि कोणी कोठें निजावयाचें याची अंथरुणें घालण्यापूर्वीं रोज वाटाघाट होऊं लागली. दादांची नोकरी फोर्टांतील एका कचेरींत, वहिनी ठाण्याच्या एका शाळेंत शिक्षिका, आणि आमचें लिहिण्याचें व मुद्रितें तपासण्याचें काम घरीं बसून होण्यासारखें. सर्वांच्या शिलकीचा मेळ घातला तेव्हां दोन मार्ग दिसले. एक, डोंबिवलीसारख्या ठिकाणीं दोन लहान बिऱ्हाडें करावीं. दुसरा, आणखी लांब जाऊन सर्वांस पुरेल असें एकच घर घ्यावें. पहिल्या मार्गांत चुली दोन होणार होत्या, आणि मातोश्रींस दोन मुलांकडे पाळीपाळीनें राहावें लागणार होतें. ही पाळीची गोष्ट घरांत कोणासच तोंडावाटे काढवेना. आणि दुसरा मार्ग न बोलतांच ठरला.

शहर सोडून लांब जाणें ही कांहीं आजचीच गोष्ट नव्हे. १८५३ सालच्या १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, आणि पुढल्याच वर्षीं लोहमार्ग कल्याणास पोंचला. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगचा उद्भव झाला, तेव्हां दाट वस्तीचें भय लोकांस प्रथमच नीट कळलें. १८९८ त मुंबई शहर सुधारणेसाठीं विश्वस्त मंडळ स्थापन झालें, व त्याच्या योजनांतून दादर-माटुंग्याच्या वसाहती आंखल्या गेल्या. एकट्यास घर घेणें झेपत नाहीं म्हणून अनेकांनीं मिळून घ्यावें, हा विचारही जुनाच. राव बहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानें १९१५ सालीं गांवदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली, आणि पुढें मुंबईंत हजारों संस्थांनीं तोच कित्ता गिरविला. ज्या दादरास एके काळीं लोक शहराबाहेरचें समजत तें आज शहराच्या ऐन मध्यावर आलें आहे. तेव्हां आमच्या आजोबांच्या पिढीस जसें दादर, तसें आमच्या पिढीस बदलापूर, अशी आम्हीं आपल्या मनाची समजूत घातली.

एप्रिल महिन्यांतल्या एका रविवारीं आम्ही सर्वजण बदलापुरास गेलों. मुंबईच्या मुख्य स्थानकापासून हें गांव सुमारें ६८ किलोमीटर, उल्हास नदीच्या कांठीं वसलेलें. रविवारच्या गाडींत आठांसही बसावयास मिळालें. मुलींस खिडक्या मिळाल्या. स्थानकाबाहेर मध्यस्थाची मोटार उभी होती. तिनें दोन खेपांत, प्रत्येकीं सात मिनिटांत, आम्हांस पोंचविलें. घर ज्यास हल्लीं रो-हाउस म्हणतात तशा प्रकारचें, म्हणजे एका ओळींत एकास एक लागून, मधल्या भिंती सामाईक, परंतु प्रत्येकास आपलें निराळें दार, निराळा जिना व पुढें हातभर अंगण. कोंकणांतल्या आळींत ज्यांचें बालपण गेलें आहे त्यांस ही रचना परकी वाटत नाहीं. तळमजल्यावर बैठक व स्वयंपाकघर, वर दोन मजल्यांवर चार खोल्या, आणि गच्चीवरून चंदेरीची डोंगररांग. एका छपराखालीं राहून प्रत्येकास आपला मजला मिळावा, ही एकत्र कुटुंबाची जुनी इच्छा तेथें जणुं पुरी होत होती. किंमत ६२ लाख. आणखी चार गिऱ्हाइकें टपून आहेत असें मध्यस्थानें सांगितलें, आणि दादांनीं तेथल्या तेथें ५१ हजारांचा धनादेश विसार म्हणून लिहून दिला. पावती साध्या कागदावर मिळाली.

त्या सर्व वेळांत मातोश्री फारशा बोलल्या नाहींत. त्या भिंतीस हात लावीत पहिल्या मजल्यापर्यंत चढल्या, मधल्या पायरीवर क्षणभर बसल्या, आणि एवढेंच म्हणाल्या, “न्हाणीघर वरच आहे होय?” आनंदाच्या भरांत त्या प्रश्नाकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. परतीच्या गाडींत मात्र वहिनींनीं तो पुन्हां काढला. “आईंनीं दिवसांतून किती वेळां तो जिना चढायचा?” आणि मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “भावोजी, आज आपण रविवारीं आलों, आणि मोटारींतून गेलों. ह्यांना घेऊन एकदां सोमवारीं पाहून या.”

वहिनींचा हा सल्ला ह्या लेखाचें सार होय, असें म्हटलें तरी चालेल. पुढल्या रविवारीं रात्रीं दादा व आम्ही बदलापुरांतल्या एका स्नेह्यांकडे मुक्काम केला, आणि सोमवारीं सकाळीं त्या नव्या घराच्या दारांतून, हातांत घड्याळ धरून, कचेरीस जाण्यास निघालों. रिक्षासाठीं रांग होती. ती धरून स्थानक गांठावयास पंचवीस मिनिटें लागलीं. फलाटावर दहा मिनिटें. कल्याणाच्या पलीकडे लोहमार्गास दोन फांटे फुटतात, एक कसाऱ्याकडे व एक कर्जताकडे. त्यामुळें कल्याणास जितक्या गाड्या तितक्या बदलापुरास नाहींत, आणि एक चुकली तर दुसरी लागलीच मिळत नाहीं. गाडींत सुमारें पंच्याऐंशी मिनिटें, त्यांपैकीं बहुतेक सर्व उभ्यानें; डोंबिवलीपासून पुढें तर हात वर उचलला तो खालीं आणण्यास जागा नव्हती. उतरल्यावर कचेरीच्या टेबलापर्यंत पंधरा मिनिटें. एकूण सव्वादोन तास. संध्याकाळीं तितकेच. त्या रात्रीं दादरास परत आल्यावर दादांनीं प्रवासाविषयीं एक अक्षरही काढलें नाहीं. मात्र ते पानावर बसले असतांना त्यांस डुलकी लागली.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं पाटीवर हिशेब मांडला. जातां-येतां साडेचार तास. वर्षाचे कामाचे दिवस २४० धरले तर १,०८० तास, म्हणजे अहोरात्र मोजलेले पंचेचाळीस दिवस. दादरच्या घरांतून कचेरीस जावयास सुमारें अर्धा तास लागे; त्याचे वर्षाचे दिवस होत अवघे दहा. कर्ज वीस वर्षांचें काढावयाचें होतें. वीस वर्षें जर कोणी असा प्रवास केला तर त्यांतलीं जवळजवळ अडीच वर्षें तो गाडींत व फलाटावर राहिला असें होईल. दादांच्या नोकरीचीं पांच वर्षें उरलीं होतीं. तरीही तो हिशेब साडेसात महिन्यांचा झाला. कर्जाचे हप्ते आम्ही सर्वजण मिळून भरणार होतों. परंतु हे साडेसात महिने एकटे दादाच भरणार होते, आणि कोणत्याही करारनाम्यांत त्यांचा उल्लेख असणार नव्हता.

पैशाचा हिशेबही येथेंच सांगून टाकतों. कारण पुष्कळ घरीं मासिक हप्ता तेवढा पाहतात. ४० लाखांचें कर्ज, व्याज दरसाल साडेआठ टक्के व मुदत वीस वर्षें धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारें ३४,७०० रुपये येतो. वीस वर्षांत भरावयाची एकूण रक्कम ८३ लाखांच्या वर जाते, म्हणजे मुद्दलाहून व्याजच अधिक. पहिल्या हप्त्यांतले २८ हजारांहून अधिक रुपये व्याजांत जातात. मुद्दल फिटतें तें साडेसहा हजारांच्या आंत. म्हणून आरंभीच्या वर्षांत हातीं येतील तेवढे जादा पैसे मुद्दलांत भरणें फार हिताचें. शिवाय मुद्रांकशुल्क, नोंदणी, वकिलाची फी, सामान हलविण्याचा खर्च, ह्यांची तरतूद किंमतीहून निराळी करून ठेवावी लागते. घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर विकणाऱ्यास द्यावयाच्या रकमेंतून एक टक्का प्राप्तिकर कापून सरकारांत भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरच असते, हेंही पुष्कळांस ऐन वेळीं कळतें.

यानंतर आम्ही एका वकिलांकडे गेलों, आणि विसार देण्यापूर्वीं जावयास पाहिजे होतें हें त्यांनीं प्रथम सांगितलें. त्यांनीं जीं कागदपत्रें मागितलीं तीं वाचकांच्या उपयोगाचीं म्हणून देतों. जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक व त्यावरील फेरफार. शेतजमीन असल्यास तिचा अकृषिक वापर करण्यास मिळालेली अनुमति. नगरपालिकेनें मंजूर केलेला नकाशा. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. घर पुरें झालें असल्यास भोगवटा प्रमाणपत्र. आणि मागील तीस वर्षांत त्या जमिनीवर कोणाचा हक्क वा बोजा होता याचा शोध. भोगवटा प्रमाणपत्र नसलेलें घर दिसावयास कितीही पुरें झालेलें असलें तरी नगरपालिकेच्या लेखीं तें राहण्यायोग्य ठरलेलें नसतें.

स्थावर संपदेविषयींचा कायदा संसदेनें २०१६ सालीं केला, आणि महाराष्ट्रांत त्याचें प्राधिकरण, ज्यास लोक महारेरा म्हणतात, २०१७ पासून काम करीत आहे. ह्या कायद्यानें घेणाऱ्याच्या हातीं कांहीं चांगलीं शस्त्रें दिलीं आहेत. करार नोंदविल्यावांचून विकासकास किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं. घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशांपैकीं सत्तर टक्के त्याच बांधकामासाठीं व जमिनीसाठीं निराळ्या खात्यांत ठेवावे लागतात. जागा चटई क्षेत्रावर विकावी लागते, म्हणजे बाहेरच्या भिंती, सज्जा व उघडी गच्ची वगळून जेवढी भूमि खरोखर वापरांत येते तेवढीवर. ताबा घेतल्यापासून पांच वर्षांत बांधकामांत मूलभूत दोष दिसला तर तो विकासकानें आपल्या खर्चानें दुरुस्त करून द्यावयाचा असतो.

मात्र रो-हाउस घेणाऱ्यानें एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. ज्या योजनेची जमीन ५०० चौरस मीटरांहून अधिक नाहीं, किंवा जींतील घरें आठांहून अधिक नाहींत, ती योजना ह्या प्राधिकरणाकडे नोंदविण्याची सक्ति नाहीं. फ्लॅटांच्या मोठ्या इमारती ह्या सवलतींत बसत नाहींत. सहा-आठ घरांची लहानशी ओळ मात्र सहज बसते. आम्हीं पाहिलेलीं घरें आठच होतीं. त्यांची नोंदणी नव्हती, आणि त्यांत बेकायदा असें कांहींही नव्हतें. एवढेंच कीं प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर जी माहिती आयती मिळाली असती ती सर्व आम्हांसच कचेऱ्यांचे उंबरे झिजवून मिळवावी लागली. त्यांत असें कळलें कीं, घराखालची जमीन घेणाऱ्याच्या नांवें व्हावयाची कीं आठही घरांच्या संस्थेच्या नांवें, याचा उल्लेख मसुद्यांत कोठेंच नाहीं. सामाईक भिंतींत ओल आली तर खर्च कोणाचा, मैल्याची टाकी आठांत एकच आहे ती कोणी उपसावयाची, शेजाऱ्यानें वर मजला चढविला तर चालेल काय, ह्या प्रश्नांसही उत्तर नव्हतें. भिंत सामाईक असली कीं भांडणही सामाईक होतें, हें आळींत वाढलेल्यांस सांगावयास नको.

ह्या चौकशींत जुलै महिना उजाडला. एके दिवशीं संततधार लागली असतां वहिनींनीं शाळेस सुटी होतांच आम्हांस दूरध्वनि केला, आणि आम्ही दोघें तसेच बदलापुरास गेलों. घरांच्या ओळीपुढील रस्त्यावर घोटाभर पाणी होतें. एवढें तर कोठेंही असतें. परंतु कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या टपरीमागें एक जुनी भिंत होती, आणि तिच्यावर कमरेच्याही वर एक मातकट रेघ उमटलेली होती. आम्हीं त्यास विचारलें. तो चहा गाळतां गाळतां म्हणाला, “एकोणीस सालचं पाणी. इथपर्यंत.” २०१९ च्या २६ व २७ जुलैस उल्हास नदीस आलेला पूर वाचकांस स्मरत असेल. बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकून पडली होती, आणि तिच्यांतील हजारांवर प्रवाशांस होड्यांतून सोडवावें लागलें होतें. ती बातमी आम्हींही दादरच्या गॅलरींत बसून वाचली होती. त्याच पाण्याची रेघ आम्ही घेत असलेल्या घराच्या कोपऱ्यावर उभी होती, आणि ती आम्हांस कोणी दाखविली नव्हती.

नदीकांठच्या गांवीं घर घेणारानें पूररेषेचा नकाशा अवश्य पाहावा. जलसंपदा खात्याकडून दोन रेषा आंखल्या जातात. सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती निळी, व शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्याची ती लाल. निळ्या रेषेच्या आंत नवें बांधकाम सामान्यतः वर्ज्य असतें, आणि दोहोंच्या मधल्या पट्ट्यांत तें अटींवर करूं देतात. आमचें घर ह्याच मधल्या पट्ट्यांत होतें. ज्या घरांत तळमजल्यावर स्वयंपाकघर व देव असावयाचे, आणि ज्या घरांतली सर्वांत वृद्ध व्यक्ति जिना चढूं शकत नाहीं, त्या घरास हा धोका पत्करण्याजोगा नव्हता. आम्हीं व्यवहार मोडला. विसाराची रक्कम परत मिळविण्यास तीन महिने लागले. पावतीवरील बारीक अक्षरांचा आधार घेऊन त्यांतले अकरा हजार कापून घेण्यांत आले. त्यास आम्ही शिकवणीची फी समजतों.

पुढें सहा महिन्यांनीं जें घर मिळालें तें नवें नव्हतें. गांवाच्या पूर्वेस, चढावर, बारा वर्षांपूर्वीं बांधलेल्या दहा घरांच्या ओळींतलें. स्थानकापासून पायीं पंधरा मिनिटांचें. खालीं एक निजण्याची खोली व तिला लागून न्हाणीघर. भोगवटा प्रमाणपत्र होतें, संस्था नोंदलेली होती, आणि जमिनीचें अभिहस्तांतरण संस्थेच्या नांवें झालेलें होतें. ज्या संस्थांस विकासक तें करून देत नाहीं त्यांस २००८ सालच्या दुरुस्तीनंतर कायद्यानें तें मागून घेतां येतें, हेंही आम्हांस तेव्हांच कळलें. किंमत ६६ लाख, म्हणजे पहिल्याहून चार लाख अधिक. ते वहिनींनीं आपल्या भविष्यनिर्वाह निधींतून काढले. हें घर पाहावयास आम्ही सर्वजण पुन्हां गेलों, परंतु सोमवारीं, पायीं; आणि मातोश्रींस प्रथम न्हाणीघर दाखविलें.

आतां दोन प्रश्न उरले. एक नांवांचा. घर केवळ स्त्रियांच्या नांवें घेतलें तर महाराष्ट्रांत २०२१ पासून मुद्रांकशुल्कांत एक टक्क्याची सवलत आहे. आमचे ६६ हजार रुपये वांचले असते, आणि तो मोह लहान नव्हता. परंतु ज्याचे पैसे त्याचें नांव, असें आम्हीं ठरविलें. मातोश्रींनीं आपल्या नांवची कोंकणांतली आंब्याची बाग विकून बारा लाख दिले होते. म्हणून मातोश्री, दादा, वहिनी व आम्ही अशीं चौघांचीं नांवें, आणि प्रत्येकाचा हिस्सा किती हेंही करारांत लिहविलें. नागपुरास दिलेली आमची ताई दूरध्वनीवर म्हणाली, “माझं काय असणार, तुमचं सुखानं होऊं दे.” पण बहिणीनें सोडलें असें समजून चालणें बरें नव्हे. मातोश्रींचा हिस्सा त्यांचा स्वतःचा आहे, आणि त्यांनीं कांहीं लिहून न ठेवल्यास हिंदु उत्तराधिकाराच्या १९५६ सालच्या कायद्याप्रमाणें त्यावर मुलांइतकाच मुलीचा हक्क पोंचतो. तेव्हां त्यांनीं स्वेच्छेनें मृत्युपत्र केलें. त्यावर दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाहीं, तरी ती आम्हीं करून घेतली. त्यांत काय आहे हें आम्ही विचारलें नाहीं.

दुसरा प्रश्न दादांच्या दिवसांचा. मातोश्री स्पष्टच म्हणाल्या, “माझ्यापायीं त्याचे दिवस गाडींत घालवूं नका. मी राहीन सहा-सहा महिने.” पाळीचा शब्द अखेर त्यांनीं स्वतःच उच्चारला, आणि बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग दादांनीं एवढेंच सांगितलें कीं, ते कचेरींत बोलून येतील. २०२० च्या साथींत पुष्कळ कचेऱ्यांस घरीं बसून काम करून घेण्याची संवय लागली आहे. दादांच्या वरिष्ठांनीं आठवड्यांतून दोन दिवस तशी मुभा दिली. स्थानक जवळ आल्यानें जातां-येतां वीस मिनिटेंही वांचलीं. पंचेचाळीस दिवसांचा तो हिशेब पंचवीसांवर आला. त्या पंचवीस दिवसांची भरपाई करणें कोणाच्याच हातीं नाहीं. परंतु बाजार, वाण्याचें सामान, विजेचें बिल, मातोश्रींचीं औषधें ह्यांतलें एकही काम दादांकडे द्यावयाचें नाहीं, असा घरांत नियम झाला, आणि आजवर तो मुलांनींही पाळला आहे.

ह्या घरांत सर्व सुख आहे असें लिहिलें तर तें खरें होणार नाहीं. पहिल्याच पावसाळ्यांत शेजारच्या गच्चीचें पाणी सामाईक भिंतींत उतरलें. संस्थेच्या तीन सभा झाल्या तेव्हां खर्चाची वांटणी ठरली. दादरचें ग्रंथालय, संध्याकाळीं गॅलरींतून होणाऱ्या मातोश्रींच्या गप्पा, पुतण्याच्या नाटकाच्या तालमी, हीं मागें राहिलीं. आणि २०२५ च्या ९ जूनचा दिवस आम्ही विसरूं शकत नाहीं. त्या दिवशीं सकाळीं मुंब्र्याजवळ गर्दीनें भरलेल्या गाड्यांतून प्रवासी रुळांवर पडले व कांहीं प्राणांस मुकले. तो सोमवारच होता. दादांचा दूरध्वनि लागेना. तो लागेपर्यंत मातोश्रींनीं पाण्याचा घोट घेतला नाहीं; आणि वहिनी ठाण्याच्या शाळेंत वर्गावर उभ्या होत्या. असा दिवस आला म्हणजे पंचवीस हा आंकडाही लहान वाटत नाहीं.

तरीही कोणी विचारलें तर आम्ही घर घेऊं नका असें म्हणणार नाहीं. एका चुलीवर आठांचा स्वयंपाक होतो. मुलींस अभ्यासाला दार लावून घेतां येतें. मातोश्री रात्रीं कोणासही न उठवितां न्हाणीघरांत जाऊं शकतात. आमचें सांगणें इतकेंच कीं, घर रविवारीं पाहून ठरवूं नये. तें सोमवारीं सकाळीं आपल्या पायांनीं चालून पाहावें, जुलैच्या पावसांत पाहावें, घरांतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांनीं पाहावें, वकिलाच्या नजरेनें पाहावें, आणि विसार त्यानंतर द्यावा. किंमत ठरवितांना घरापायीं कोणाचे किती तास जाणार आहेत हें कागदावर मांडावें, आणि तो कागद घरांतल्या सर्वांनीं मिळून वाचावा. हप्ता चुकला तर बँकेचें पत्र येतें. ह्या तासांविषयीं कोणाचेंच पत्र येत नाहीं.

आमच्या मातोश्रींस आतां गाड्यांचें वेळापत्रक तोंडपाठ झालें आहे. दादा कचेरीस जातात त्या दिवशीं त्या सायंकाळीं साडेसातलाच अंगणांतला दिवा लावून ठेवतात, आणि चढावर त्यांचीं पावलें वाजलीं कीं वहिनींस आंतून सांगतात, “पानं घे.”